ठाण्याच्या पावसात ड्रायसूट

बुधवार

मे सरता सरता तारकर्लीच्या बोटी वर ओढल्या जातात आणि आम्हा डायव्हिंग गाइडांचं पाणी पार ऑक्टोबरपर्यंत बंद होतं. एरवी हे महिने घरची डागडुजी, शेती आणि भरपूर झोप यांत जातात. यंदा कोकणकन्येचं तिकीट काढून ठाण्याला मावशीकडे आले, कारण ऑगस्टअखेर आइसलँडला जायचं ठरलंय. मावशीचा मुलगा, आमचा दादा, नॉर्वेत बर्गनला जहाजांच्या कामावर आहे. ‘एकदा सिल्फ्रात उतरू या’ हे त्याचं पालुपद बरेच दिवस चालू होतं. शेवटी विमानाच्या तिकिटाचे अर्धे पैसे मी भरतो म्हणाला आणि माझा विरोध मावळला.

सिल्फ्रा ही आइसलँडच्या थिंगवेत्लिर राष्ट्रीय उद्यानातली पाण्याने भरलेली भेग. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे दोन भूपट्ट तिथे एकमेकांपासून दूर सरकतात, आणि त्या फटीत लांगयोकुल हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं गाळून येतं. पाणी गोडं, नितळ इतकं की 100 मीटरपर्यंतचं दिसतं, आणि तापमान बारा महिने 2 ते 4 अंश. आमच्याकडे जानेवारीत पाणी 26 अंशांवर उतरलं की गाइड मंडळी कुरकुरायला लागतात. सिल्फ्रात ड्रायसूटशिवाय, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या सूटशिवाय, डाइव्ह करू देत नाहीत, आणि सूट भाड्याने घेतला म्हणूनही सोडत नाहीत. ड्रायसूटचं प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर लॉगबुकात, म्हणजे डाइव्हच्या नोंदवहीत, तशा डाइव्ह दाखवा. माझ्या लॉगबुकात सगळी पानं तीन मिलिमीटरच्या वेटसूटची.

ड्रायसूट शिकवणारं माणूस महाराष्ट्रात शोधायला गेलं तर कठीणच, कारण इथे त्याची गरज कुणाला? पण ठाण्यात एक सर आहेत. उमेदीची वर्षं त्यांनी नॉर्थ सीमध्ये तेलविहिरींवर कमर्शियल डायव्हिंगमध्ये काढली आणि आता घोडबंदर रोडवरच्या एका क्लबच्या तलावात मुलांना पोहायला शिकवतात. ‘पाणी 29 अंशांचं आहे, भट्टी होईल तुमची, पण सूट कळेल,’ असं त्यांनी फोनवरच सांगून ठेवलं होतं.

सूट माझ्या आधी नौपाड्यात मावशीकडे पोचला होता. दादाने बर्गनमधल्या एका ओळखीच्या बाईंचा वापरलेला सूट घेतला, गळ्याचं आणि मनगटांचं लेटेक्स नवं बसवून घेतलं आणि सुट्टीवर येणाऱ्या मित्राबरोबर पाठवून दिला. मावशीने तो दिवाणावर पसरून ठेवला होता. वेटसूटसारखं गुबगुबीत रबर नाही. पातळ, तीन थरांचं कापड, रेनकोटापेक्षा थोडं जाड. पायांना मोजे जोडलेलेच. पाठीवर एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत पितळी चेन. छातीवर हवा आत घ्यायचा व्हॉल्व्ह, डाव्या दंडावर ती बाहेर सोडायचा.

‘गो, ह्यां घालून तू पाण्यात उतरतलंस?’ मावशी. ‘आणि एवढो खर्च करून थंडीत मराक जातंस?’

थंडीत मरू नये म्हणूनच तर हे, असं म्हणून मी तिला समजवायला बसले. पाणी हवेच्या साधारण 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. वेटसूटमध्ये पाणी आत शिरतं, अंगाच्या उबेने थोडं तापतं आणि तेवढ्यावर आपलं भागतं. दोन-तीन अंशांत ते भागत नाही. म्हणून ड्रायसूट पाणी बाहेरच अडवतो, आत हवा ठेवतो, आणि खरी ऊब आत घातलेल्या जाड अंडरसूटची असते. सूट स्वतः कुणाला गरम ठेवत नाही. मावशीला हे पटलं, पण मग तिने विचारलं, ‘आणि भायेर कशी जाता हवा?’ सगळी शिकवणी याच एका प्रश्नावर चालणार होती, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

रात्री सरांचा फोन. नवं लेटेक्स कडक असतं. गळ्याचं सील, म्हणजे पाणी अडवणारी लेटेक्सची कड, रात्रभर एखाद्या डब्यावर ताणून ठेवा, मनगटांची बाटल्यांवर. डब्याचा घेर मानेइतका, फार तर किंचित जास्त. मावशीने शिलाईची टेप काढली. माझी मान भरली 33 सेंटीमीटर. मग फडताळातले स्टीलचे डबे ओट्यावर आले. साखरेचा फारच मोठा, वेलदोड्याचा अगदीच लहान, चहापत्तीचा जवळजवळ पण त्याला कडेने घडी, ती लेटेक्सला टोचली असती. शेवटी जिऱ्याचा डबा बसला. जिरं वाटीत गेलं. मनगटांना काकांच्या सॉसच्या दोन बाटल्या.

मावशीचं एक म्हणणं मात्र मी मोडून काढलं. गळ्यातून डोकं घालताना सरकावं म्हणून ती खोबरेल घेऊन आली होती. तेलाने लेटेक्स मऊ होऊन खराब होतं, आणि केसांना लावलेलं तेलही मानेवर उतरतंच. शिकवणी संपेपर्यंत डोक्याला तेल बंद. मालवणच्या बाईला ही शिक्षा थोडीथोडकी नव्हे.

गुरुवार

नौपाड्याहून घोडबंदर रोड रिक्षाने. कापूरबावडीला मेट्रोच्या खांबांखाली जी रिक्षा थांबली ती मानपाड्यापर्यंत गोगलगायीने हेवा करावा अशीच चालली. सर तलावाच्या कडेला कात्री, पाण्याची नळी आणि लिंबूसरबताचा थर्मास घेऊन बसलेले.

पहिलं काम कात्रीचं. गळ्याचं सील कापायच्या आधी शंकूसारखं असतं, वर अरुंद आणि खाली रुंद, आणि त्यावर कड्यांच्या बारीक रेघा. एका वेळी एकच कडं कापायचं, लांब पात्याच्या धारदार कात्रीने, हात न थांबवता एका दमात. मध्ये कुठे खाच राहिली तर पुढे तिथूनच फाटतं. एक कडं गेलं, मी डोकं घातलं. सर म्हणाले, आता दहा मिनिटं नुसत्या बसून राहा, मान फिरवा, आवंढे गिळा. पाचव्या-सहाव्या मिनिटाला मला डोकं हलकं वाटायला लागलं. मला वाटलं उकाडा. सरांनी ताबडतोब सील ओढून धरलं.

मानेच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या असतात, आणि तिथेच रक्तदाब ओळखणारी जागा. तिच्यावर बाहेरून सतत दाब आला की शरीराची समजूत होते, दाब वाढलाय; मग ते हृदयाचे ठोके मंदावतं आणि माणसाला भोवळ येते. जमिनीवर खुर्चीत बसून भोवळ आली तर सरबत पाजता येतं, पाण्याखाली नाही. म्हणून गळ्याचं सील ‘सहन होतंय’ एवढ्यावर ठेवायचं नसतं. आणखी एक कडं कापलं, मग अजून एक. त्यानंतर गळ्याशी काही आहे हे विसरायला झालं, आणि सरांनी कात्री पिशवीत टाकली. उलट बाजूही त्यांनी सांगून ठेवली: कापलेलं परत जोडता येत नाही. सैल झालं तर नवं सील, नवा गोंद, नवा खर्च.

सूट चढवण्याचा क्रम मी वहीत लिहून घेतलाय, कारण चुकीच्या क्रमाने केलं की सगळं परत काढावं लागतं. नखं कापलेली हवीत. कानातलं, अंगठ्या, बांगड्या काढून ठेवायच्या. केसांचा अंबाडा डोक्यावर उंच. आधी पाय, मग आतले खांद्यावरचे पट्टे लावायचे म्हणजे सूट कमरेला लोंबत नाही. मग डावा हात, उजवा हात. मनगटाच्या सीलमध्ये बोटं जुळवून, चपटी करून घालायची आणि बाहेरून ओढायचं ते तळव्याने, बोटांच्या टोकांनी नाही. डोकं सगळ्यात शेवटी. दोन्ही हातांनी सील आतून पसरायचं, हनुवटी छातीला लावायची आणि श्वास सोडून घुसायचं. केस अडकता कामा नयेत. एक बट सीलखाली राहिली तरी तिच्या कडेने पाणी येतं. मग पाठीवरची चेन. ती दुसऱ्यानेच लावायची. सर एका हाताने कापड ताणतात आणि दुसऱ्याने चेन सरळ रेषेत ओढतात. वाकडी ओढली तर दात निघतात, आणि या चेनची किंमत ऐकून मी नीट उभी राहिले. शेवटचा अर्धा सेंटीमीटर राहून गेला तर काय होतं, याचे किस्से त्यांच्याकडे भरपूर आहेत.

चेन लागली की खाली उकिडवं बसायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि गळ्याच्या सीलमध्ये एक बोट घालायचं. आतली हवा हुस्स करून बाहेर येते. हे केलं नाही तर पाण्यात पडल्यावर माणूस बुडतच नाही.

जूनमधलं ठाणं, दमट हवा, आणि मी नखशिखांत बंद. आत फक्त पातळ लेगिंग आणि पूर्ण बाहीचा टी-शर्ट, तरी पाच मिनिटांत घाम पाठीवरून मोज्यांत जायला लागला. सर नळीने सूटवर बाहेरून पाणी मारत होते. उन्हाळी देशात ड्रायसूट शिकवायचा तर हे नळीचं पाणी आणि पिण्याचं पाणी दोन्ही हवं, आणि सूट घातल्यावर गप्पा नकोत, सरळ पाण्यात.

छातीभर पाण्यात उभी राहिले आणि पाय आवळले गेले. पाण्याचा दाब खालून वर वाढत नाही, वरून खाली वाढतो, हे मी दर हंगामात पाहुण्यांना शिकवते. ते पायांच्या पोटऱ्यांना त्या दिवशी कळलं. पायांतली हवा वर सरकून खांद्यांत आणि गळ्याशी जमली. हात हलवले की काखेत बुडबुडा. बीसीडीतली, म्हणजे तरंगणं सांभाळायच्या जॅकेटातली, हवा एका पिशवीत असते, ती कुठे आहे ते माहीत असतं. इथे हवा अंगभर फिरते आणि आपण वळू तशी जागा बदलते. ती या क्षणी कुठे आहे, हे कळायला लागलं की निम्मा सूट जमला.

तलावाचं खोल टोक साडेतीन मीटर. खाली जाताना दोन मीटरवर कापडाच्या चुण्या मांडीला चिमटे काढायला लागल्या. सरांनी इशारा केला, मी छातीवरचा व्हॉल्व्ह दाबला. एकदम नाही, तुटक-तुटक. चिमटे सुटले की थांबायचं. वर येताना डावं कोपर वर करायचं, म्हणजे दंडावरचा व्हॉल्व्ह सगळ्यात उंच होतो आणि हवा तिथून निघते. माझा हात दर वेळी बीसीडीच्या नळीकडे जायचा. वर्षानुवर्षांची सवय, तिला एका सकाळीत निरोप कसा देणार? शिवाय मी नळी उंच धरायची म्हणून पूर्ण हात सरळ वर नेत होते; तसं केलं की मनगट सगळ्यात उंच होतं, हवा बाहीत जाते आणि व्हॉल्व्ह खालीच राहतो. कोपर वर, हात खाली लोंबता, हे जमायला दुपार झाली.

सूट काढल्यावर डावी बाही कोपरापर्यंत ओली. गळती की घाम, यावर आमची चर्चा झाली. सरांचं सूत्र सोपं: घाम सगळीकडे असतो, गळतीची वाट दिसते.

शुक्रवार

रात्रीपासून धो-धो. सकाळी क्लबचा निरोप आला की विजा चमकताहेत, तलाव बंद. मावशीच्या गॅलरीतून समोरची इमारतही धूसर दिसत होती.

मग गळतीचा तपास घरातच. गळ्यात पुन्हा जिऱ्याचा डबा, मनगटांत सॉसच्या बाटल्या, चेन बंद, दंडावरचा व्हॉल्व्ह घट्ट बंद. छातीच्या व्हॉल्व्हला काकांचा सायकलचा पंप थेट बसेना, म्हणून एक बाटली काढून बाहीतून तोंडाने फुंकलं. काका, मी, परत काका. सूट फुगून गॅलरीभर झाला आणि शेजारची दोन मुलं पायऱ्यांवरून बघायला आली. भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने शिवणींवर लावत गेले. चेन कोरडी, म्हणजे शाबूत. व्हॉल्व्ह ठीक. उजव्या गुडघ्याच्या आतल्या शिवणीवर मात्र मोहरीएवढे फुगे एकामागून एक. डाव्या मनगटाशी काहीच नाही.

गुडघ्याचं काम सोपं होतं. दादाने सूटबरोबर युरेथेनचा गोंद पाठवला होता. जागा कोरडी करून, स्पिरिटने पुसून आतून पातळ थर दिला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवला. मनगटाचं काय? सरांना फोन केला. म्हणाले, ‘मूठ आवळून मनगट बघा.’ बघितलं. माझ्या डाव्या मनगटाला मूठ आवळली की मधोमध दोन शिरा दोऱ्या ताणल्यासारख्या उभ्या राहतात आणि मध्ये घळ पडते. त्या घळीतून पाणी जातं. बाटलीला शिरा नसतात, म्हणून गॅलरीत सगळं ठीक. उपाय दोन: सील हाडाच्या वर, हाताच्या मांसल भागापर्यंत ओढायचं, आणि पाण्यात काही आवळून धरायचं टाळायचं. दुसरा उपाय गाइडला सांगणं सोपं आहे. आमचं अर्धं आयुष्य पाहुण्यांच्या सिलेंडरचा दांडा आवळून धरण्यात जातं.

संध्याकाळी पाऊस ओसरला तेव्हा पावडर आणायला बाहेर पडलो. लेटेक्सला लावायची पावडर बिनवासाची हवी. सुगंधी पावडरीतल्या तेलांनी तेच होतं जे खोबरेलने होतं. औषधाच्या दुकानांत ओळीने विचारलं, सगळीकडे गुलाब नाहीतर चंदन. एक दुकानदार म्हणाला कॅरमची घ्या. ती बोरिक पावडर, नको. जांभळी नाक्याच्या गर्दीतून जाताना काकांना आठवलं की सायकलच्या ट्यूबला पंक्चरवाले एक पांढरी पावडर मारतात. दोन गल्ल्या फिरून ट्यूब-टायरच्या दुकानात ती मिळाली. फ्रेंच चॉक, म्हणजे शुद्ध टाल्क, वास नाही, रंग नाही, अर्धा किलोची पुडी चहाच्या पैशांत. दादाला फोटो पाठवला, तो तिकडे एवढ्याशा बाटलीला भरमसाट क्रोनर मोजतो.

येताना गडकरी रंगायतनच्या बाजूने तलावपाळीला एक फेरी मारली. मासुंदा तलाव काठोकाठ होता.

शनिवार

पाणी गढूळ नव्हतं, पण तलावात पानं पडलेली. सरांनी आज पाण्याखाली राहण्यासाठी अंगाला लावायची वजनं बाहेर काढली.

तारकर्लीला मी पाच किलो लावते. इथे पातळ कपड्यांवरही आठ लागले. हिशेब समजून घेण्यासारखा आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच-तीन टक्के जड, म्हणून गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो. सामानासकट 90 किलोच्या माणसाला साधारण सव्वादोन किलो कमी पुरतं. पण सूटमधली आणि अंडरसूटमधली हवा ते सगळं खाऊन वर आणखी मागते. सिल्फ्राचं पाणी गोडं आहे, तलावाचंही गोडं, म्हणजे घोडबंदर रोडवर काढलेला आकडा आइसलँडला चालेल. तारकर्लीच्या समुद्रात काढलेला चालला नसता. सूट तिकडेच जाऊन शिकायचा दादाचा आग्रह मी मोडला, त्याचं हे एक चांगलं फळ.

वजन तपासायचं ते जवळजवळ रिकाम्या सिलेंडरवर, 50 बार (हवेच्या दाबाचं माप) उरलेले असताना. भरलेल्या सिलेंडरमधली हवाच अडीच किलोच्या वर असते. ती श्वासात गेली की शेवटी, नेमकी वर येताना थांबायच्या वेळी, माणूस हलका होतो. त्यात आपल्याकडचे ॲल्युमिनियमचे सिलेंडर रिकामे झाले की स्वतःच तरंगू पाहतात. व्हॉल्व्ह उघडा, सूटमधली हवा काढलेली, बीसीडी रिकामी, साधा श्वास. पाणी डोळ्यांच्या पातळीला यायला हवं.

त्यानंतर जे केलं ते या आठवड्यातलं सगळ्यात महत्त्वाचं. मी खाली वाकून पोहते. वाळूतली गोगलगाय दाखवायची, कुणाचं पडलेलं वजन उचलायचं, तर डोकं खाली आणि पाय वर करून जायचं, ही आमची रोजची रीत. ड्रायसूटमध्ये तसं केलं की हवा पायांत जाते. दंडावरचा व्हॉल्व्ह आता खालच्या बाजूला, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाटच नाही. पाय फुगतात, वर खेचायला लागतात. वर गेलं की हवा आणखी पसरते, आणखी खेचते. मोठे मोजे असतील तर पायात घालायची वल्ह्यासारखी फिनसुद्धा निघते. माणूस उलटा, पाय पुढे, पृष्ठभागाकडे.

सरांनी हे मुद्दाम घडवून आणलं. मला उलटं केलं, छातीचा व्हॉल्व्ह दोनदा दाबला आणि सोडून दिलं. पाय वर जाताना पोटात जे झालं ते लिहायला नको. सुटका अशी: गुडघे छातीशी घट्ट ओढायचे, अंग चेंडूसारखं गोल करायचं, हातांनी पाणी मारून कोलांटी घ्यायची, डोकं वर आलं की कोपर वर. तळाजवळ असाल तर तळाला ढकलून वळा. पहिल्या कोलांटीला मी अर्ध्यातच अडकले आणि सरांनी खांदा धरून फिरवलं. नंतर जमत गेलं. शेवटी-शेवटी तर मजा यायला लागली आणि कडेला पोहायला शिकणारी मुलं टाळ्या वाजवायला लागली.

साडेतीन मीटरच्या तलावात काय कळणार, असं मला आधी वाटत होतं. सरांचं म्हणणं उलटं. पृष्ठभागावरून 10 मीटरवर गेलं की हवेचं आकारमान निम्मं होतं. 20 वरून 30 वर गेलं तर तिसऱ्या हिश्श्यावरून चौथ्यावर. फरक सगळ्यात जास्त उथळ पाण्यात पडतो, आणि सिल्फ्रात 18 मीटरच्या खाली जाऊच देत नाहीत. मग सरावही उथळातच हवा.

दुसऱ्या एका गोष्टीवर मात्र आमचे मतभेद राहिले. काही शिक्षक सांगतात की पाण्याखाली तरंगणं फक्त सूटमधल्या हवेने सांभाळा, बीसीडी पृष्ठभागासाठी ठेवा; सांभाळायला एकच पिशवी, डोक्याला ताप कमी. सर त्याच पठडीतले. मला चिमटे सुटण्यापुरतीच हवा सूटमध्ये आणि बाकी बीसीडीत हे सोयीचं वाटलं, कारण सूटमध्ये जितकी जास्त हवा तितकी ती इकडून तिकडे धावते. वजन बरोबर असेल तर दोन्ही पद्धतींत फारसा फरक राहत नाही, हे सरांनीही मान्य केलं. दोन्ही करून बघा आणि दादा काय करतो ते विचारा, एवढ्यावर मिटलं.

मनगट आज उंच ओढून, फ्रेंच चॉक लावून घातलं. बाही कोपरापर्यंत नाही, मनगटापुरती ओली. गुडघा कोरडा.

रविवार

तलाव सभासदांच्या मुलांना. आम्हाला सुट्टी. सकाळी काकांबरोबर मामलेदारची मिसळ, तिखट. मग येऊरच्या पायथ्याला उपवन तलावाशी गेलो. धबधब्यांकडे जाणाऱ्या बाइकांची एवढी रीघ की चढायचा बेत सोडून चहा पिऊन परतलो. दुपारी सूट गोड्या पाण्याने धुतला. क्लोरीन लेटेक्सला चांगलं नाही. आतून उलटा करून वाळत घातला आणि वाळल्यावर सीलना पावडर. ठाण्याच्या जूनमध्ये काही वाळत नाही, पंखा रात्रभर.

सोमवार

आज खरा जामानिमा: दादाचा जाड अंडरसूट, दोन लोकरी मोजे, पाच मिलिमीटरचे हातमोजे आणि टोपी. काठावर पाच मिनिटांपेक्षा जास्त बसायचं नाही असं ठरलं होतं. सर आधी पाण्यात, मी चेन लागताच नळीखाली आणि नळीखालून सरळ तलावात. 29 अंशांच्या पाण्यात तो अंडरसूट म्हणजे छळ, पण वजन याच्याशिवाय कळलं नसतं. आठाचे अकरा किलो झाले. अकरा किलो एका कमरपट्ट्यावर घेतले की कंबर धरते, म्हणून चार बीसीडीच्या खिशांत आणि बाकी पट्ट्यावर.

जाड कपड्याने एक नवी अडचण आणली. डावं कोपर वर केलं तरी हवा निघेना. अंडरसूटचं कापड आतून व्हॉल्व्हला चिकटून बसलं होतं. हात जरा हलवून कापड सोडवायचं, किंवा उजव्या हाताने व्हॉल्व्ह दाबून उघडायचा. तेही नाही झालं तर शेवटचा मार्ग मनगटाचा किंवा गळ्याचा: सील बोटाने ओढायचं, हवा जाते, पाणी येतं, पण माणूस वर भिरकावला जात नाही.

मग अडकलेल्या व्हॉल्व्हचा सराव. छातीचा व्हॉल्व्ह दाबलेला राहिला, गोठला, तर हवा आत येतच राहते. थंड पाण्यात हे होऊ शकतं, म्हणून लांब दाबू नये, तुटक दाबावा. अडकलाच तर एका हाताने सिलेंडरकडून व्हॉल्व्हला येणारी नळी ओढून काढायची, दुसऱ्याने हवा सोडायची. उघड्या हाताने हे चुटकीसरशी होतं. पाच मिलिमीटरच्या हातमोज्यांत नळीचं कडं कुठे आहे तेच कळत नाही. डोळे मिटून, हातमोज्यांत, पुन्हा पुन्हा. शेवटी हात स्वतःच तिथे जायला लागला. हा सराव मालवणला पडवीत बसूनही करता येईल. नळी, व्हॉल्व्ह आणि हातमोजे मी बरोबर नेतेय.

थोडा वेळ सरांनी काही काम दिलं नाही. फिरा, म्हणाले. तळापासून हातभर उंच, आडवी, तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत. वळताना हवा एका खांद्यावरून दुसऱ्यावर गेल्याचं कळत होतं. उथळाकडे येताना कोपर कधी उचललं ते आठवत नाही, पण व्हॉल्व्हमधून बुडबुडे निघाल्याचा आवाज आला.

राहिलेली कामं वहीत लिहिली. माझ्या फिन्स या मोज्यांवरच्या बुटांना बसत नाहीत, दोन मापं मोठ्या हव्यात. डाव्या मनगटाला लेटेक्सऐवजी सिलिकोनचं सील लावून बघावं, ते जास्त मऊ असतं आणि घळीत नीट बसतं. ते दादा तिकडेच करून घेईल. पोटरीवर आवळायच्या पट्ट्या मिळाल्या तर पायांत हवा कमी शिरेल.

तलावातलं सत्र सरांनी लॉगबुकात सही करून दिलं. प्रमाणपत्राला याशिवाय उघड्या पाण्यातल्या दोन डाइव्ह लागतात, त्या ठाण्यात होणं शक्य नाही. खाडीत हात लांब केला तर पंजा दिसत नाही. त्या आइसलँडला सिल्फ्राच्या आधी करायच्या, म्हणून दादाने तिथल्या शिक्षकाबरोबर अगोदरचे दिवस धरून ठेवलेत. सरांनी पानाच्या तळाला लिहिलं: जाड अंडरसूट, गोडं पाणी, ॲल्युमिनियम सिलेंडर, 11 किलो. खाली आणखी एक ओळ: तिकडे स्टीलचा सिलेंडर मिळाला तर दोन किलो काढा आणि 50 बारवर पुन्हा तपासा.